घळीतली तार

सान रोके, ४ ऑक्टोबर

ती. फेलिसाताईस, दिविनाचा सा. न. वि. वि.

तुमच्या मठात मोबाइल चालत नाही, म्हणून हे पत्र. यंदा कॉम्प्युटरच्या तासाला आबेल्यानो सरांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, काय बनवायचं ते तुम्हीच ठरवा. आम्ही ठरवलं, भोंगा. मोडक्या कॉम्प्युटरचे भाग जोडले, घळीत तार सोडली. मायोन ज्वालामुखीची राख पावसात भिजून चिखलाचा लोंढा उतरला की तार चिखलात बुडणार, भोंगा वाजणार. जोडांना कथलाचे डाग सगळे मीच दिले.

मंगळवारी तो वाजला. अख्खी वाडी चर्चकडे धावली. लोंढा कुठला, तारेवर चिखलाने माखलेला रेडा लोळत होता! पळताना पेर्पेतुआआजी पडली, खुबा मोडला. तिचा लेक रोमुलो सगळ्यांदेखत म्हणाला की, खेळणी वाजवून माणसं मारता का रे? वर्गातले चौघे म्हणतात, बंद करा. सर म्हणतात, यंत्र तुमचं, निर्णयही तुमचाच. काय करू?

तुझी दिविना

सेबू, ११ ऑक्टोबर

चि. दिविनास अनेक आशीर्वाद.

तारांतलं मला काय कळणार? रेडिओत बॅटरी उलटी घालणारी मी! पण आजीकडे गेलीस का? नसशील तर आधी जा, माफी माग, आणि भोंग्याचं तिलाच विचार. वादळ येतंय म्हणतात. प्रार्थनेत लक्ष लागत नाही. आईला बजाव, डुकरांसाठी मागे थांबू नकोस म्हणावं. लगेच लिही.

तुझी ताई

सान रोकेचं चर्च, २३ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न.

आधी हे वाच: आई, बाबा, मी सुखरूप आहोत. घर राहिलं नाही.

आजीकडे जाऊन रडले. ती म्हणाली, रडतेस काय, तार नीट कर, आणि पुढच्या वेळी मला उचलायला माणूस धाड. मग आम्ही दोन तारा लावल्या, एक खाली, एक वर. दोन्ही बुडाल्या तरच वाजेल, एका रेड्याने नाही.

शनिवारी वादळाच्या पावसात भर दुपारी वाजला. मला वाटलं, पुन्हा खोटा निघाला तर? लोक दारातूनच बघत राहिले. तेवढ्यात रोमुलोनेच आपल्या आईला पाठुंगळी घेतलं आणि चालू लागला. त्याला पाहून बाकीचे निघाले. शेजारचे इसकोकाका तेवढे थांबले. रेडा असेल गं, जा तुम्ही, असं हसून म्हणाले. अठरा मिनिटांत लोंढा आला. काका अजून सापडले नाहीत.

सर म्हणतात, यंत्राने काम केलं. मी वहीत लिहिलं, पहिल्यांदा केलं नव्हतं, म्हणून काका थांबले.

काल पलीकडच्या वाडीने आमच्याकडे भोंगा मागितला. सगळा वर्ग माझ्याकडे बघू लागला. मी हो म्हटलं, ताई, आणि चर्चमागे जाऊन उरलेली तार मोजली. सोमवारी तिकडे तार ओढायला निघतोय. तुझी माया आहेच, ती या दिवसांत जरा जास्त असू दे.

तुझी दिविना