हिरवळीवर पडलेला पाऊस

अण्णा, आपल्या गावात सलग तीन दिवस पाऊस पडला. पेपरात छापून आलंय, मोबाइलवर आलंय, तहसील कार्यालयातही नोंद आहे. फक्त गावात कुणाला तो दिसला नाही. आणि पाऊस झाला म्हणून पिण्याच्या पाण्याचा टँकर बंद केलाय.

शेजारची सून रिकामी घागर घेऊन दारात आली. "आत्या, पाऊस पडला म्हनं. आमच्या घागरीला न्हाय कळलं की!" म्हणून मी स्वतः बघायला गेले. चावडीमागं तुम्ही ज्या जागी पाऊस मोजायचात, तिथंच आता आपोआप मोजणारं यंत्र बसवलंय. उद्घाटनाला मोठी माणसं येणार, फोटोत उघडी माती बरी दिसत नाही, म्हणून भोवती हिरवळ लावली. ती जगवायला बोअरचं पाणी, जे जनावरंही तोंडाला लावत नाहीत इतकं खारं. तीन दिवस झाले, त्याचा फवारा रोज सकाळी गरगर फिरतो आणि थेट यंत्राच्या तोंडात पाणी मारतो. यंत्र बिचारं प्रामाणिक. पडेल ते मोजतं, साहेबांना कळवतं. साहेब ते खुर्चीत बसून वाचतात. मान वर करून आभाळ बघायची तसदी एकाही शहाण्यानं घेतलेली नाही. पेपरवाल्यानं तर 'तंत्रज्ञानाची किमया' असा मथळा दिलाय. किमयाच म्हणायची, ढगावाचून पाऊस!

यंत्राच्या साहेबाला फोन केला. "मॅडम, डेटा खोटं बोलत नाही." "नाहीच बोलत. तुम्ही त्याला रोज आंघोळ घालताय, तेवढंच ते सांगतंय." "तुम्हाला यातलं काय कळतं?" मग मी कॉन्व्हेंटच्या नन्सनी शिकवलेल्या इंग्रजीत दोन वाक्यं ऐकवली. आवाज लगेच खाली आला. "लेखी अर्ज द्या, मॅडम."

तुम्ही सकाळी आठला काचेचं मोजपात्र घेऊन निघायचात, भर उन्हाळ्यातसुद्धा. कोरडं असताना कशाला जायचं, असं मी एकदा विचारलं, तर केवढ्यानं खेकसलात! "शून्यसुद्धा बघून लिहायचं असतं." तुम्ही अजून खेकसताय असंच वाटतं.

अर्जात मी ठणकावून लिहिलं होतं, की माझ्या वडिलांच्या वहीत न बघता लिहिलेला एकही आकडा सापडणार नाही. आता ते वाक्य खोडलंय. अर्ज सकाळी मी स्वतः नेऊन देणार आहे, घागरी थांबल्यात. हा कागद मात्र कुठंच जाणार नाही.

एकदा मी हॉस्टेलवरून सुट्टीला आले होते, तुम्ही तापानं फणफणला होतात, आणि मोजायला मला पाठवलंत. कॉन्व्हेंटच्या नव्या बुटांना चिखल लागेल म्हणून मी चावडीच्या पायरीवरूनच परत फिरले आणि वहीत शून्य लिहिलं. पोरीनं नोंद चुकू दिली नाही, म्हणून बरं झाल्यावर तुम्ही मला शाईचं पेन आणलंत.

ते मी घेतलं, अण्णा.