गोळीचं बटण

बाबा, काल दुपारी मी एका माणसाला मारलं. तो आधीच पडलेला होता. हातापायांवर रांगत, पोट घासत, एका पडक्या भिंतीकडे चालला होता. मी मागून गोळ्या घातल्या. तो माणूस खरा नव्हता, फोनवरच्या खेळातला होता. तुम्ही असताना गावात फोन एकाच घरी होता आणि त्यावर फक्त मेल्याची बातमी यायची, म्हणून सांगते. आता फोन तळहाताएवढा असतो, त्याच्या काचेवर चित्रातली माणसं पळतात, आणि कुठकुठल्या गावात बसलेली पोरं आपापल्या माणसाला पळवत एकमेकांना गोळ्या घालतात. तुमचा नातू रोज हेच खेळतो. उन्हाळ्यापासून त्याच्या शेजारी बसून मीही खेळते.

नातू तुम्ही पाहिला नाही. माझ्या भावाला जो आजार होता तोच त्याला आहे. शरीराचं मांस एकेका जागेवरून मरत जातं. आधी पाय, मग दंड, मग बोटं, शेवटी छाती. तो पाचवीत होता तेव्हापासून खुर्चीत आहे. त्याचा बाप होता तोवर त्याला खांद्यावर टाकून एसटीत चढवायचा, मालेगावला, वाशीमला, जिथे कुणी डॉक्टर सांगेल तिथे. मग एका संध्याकाळी माझे मालक एकटेच वाशीमहून येताना त्यांच्या मोटरसायकलला रानातून घोड्याएवढा रोही आडवा आला. रोही उठून तुरीत पळून गेला. ते उठले नाहीत. फोन ठेवायला त्यांनी सागाच्या फळीचा एक छोटा पाट करून दिला होता, तो अजून आहे. पोरगा खिडकीपाशी बसतो, पाट मांडीवरच्या फळीवर, पाटावर फोन, आणि फोनवर त्याचे अंगठे. खेळात त्याचा माणूस पळतो, भिंतीवरून उड्या मारतो, नदी पोहून जातो, जिने चढतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला गोळ्या दिसल्याच नाहीत, ते जिने चढणंच दिसलं. नंतर गोळ्याही दिसल्या. जळती घरं, हातबॉम्ब, तव्याने डोकं फोडणं, सगळं दिसलं. मी म्हटलं, हे माझ्या घरात नको. या घरात कुणी कुणावर हात उगारणार नाही असं मी लग्न होऊन आले त्या दिवशीच ठरवलं होतं. पोरगा म्हणाला, "आई, माह्यानं खरा डास मरत नाई. कायले भेतं?"

कायले भेते ते त्याला मी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगायची गरज नाही, पण तरी सांगते, कारण तुम्ही ते विसरून गेला होता असं मला वाटतं.

भाऊ दुसरीत असताना पडायला लागला. पडला की सरळ उठता येत नसे. आधी ओणवा व्हायचा, मग हात गुडघ्यावर, मग मांडीवर, असा स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहायचा. त्याचे दंड काडीसारखे होते, पण पोटऱ्या जाडजूड, दगडासारख्या. तुम्ही गुरांच्या बाजारातले जाणते. बैलाचे पाय चाचपून तुम्ही सांगायचे, हा ओढीन, हा बसन, आणि तुमचं चुकत नसे. लोक कारंज्याला बाजारात जाताना तुम्हाला चहा पाजून सोबत न्यायचे. तुम्ही माझ्या भावाच्या पोटऱ्या तशाच चाचपल्या. चारचौघांना बोलावून दाखवल्या. "पाय पाहा याचे. गोऱ्ह्यासारखे हायेत. अन उठाले सोंग करते." तेव्हापासून तो कामचुकार ठरला. टोकाला लोखंडी आर बसवलेल्या काठीने, तुतारीने, बैल जसा उठवतात तसा तुम्ही त्याला उठवायला लागलात. त्या आजारात पोटऱ्या फुगतात, बाबा. ते बळ नसतं. मांस मरतं आणि त्या जागी चरबी भरते. हे मला अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, माझ्या पोराच्या पोटरीला हात लावून. मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. त्यांना वाटलं, पोराचं ऐकून मला चक्कर आली.

तो पोळ्याचा दिवस मला रोज आठवतो. आदल्या दिवशी तुम्ही बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकले, वाटीतलं उरलेलं तूप भावाच्या पोटऱ्यांना चोळलं आणि म्हणालात, आता तरी पळ. तुमचा हात इतका मऊ मी दुसऱ्यांदा पाहिला नाही. पोळ्याला बैलावर तुतारी उगारत नाहीत. तुम्ही ती धुऊन आढ्याला खोचून ठेवली. भाऊ ते पाहत होता. त्याने विचारलं, "बाबा, आज मले बी सुट्टी हाय का?" ओसरीवरची सगळी माणसं हसली. तुम्हीही हसलात. त्या दिवशी खरंच मारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लहान पोरं लाकडी बैल ओढत घरोघर जातात, बोजाऱ्याचे पैसे, खाऊ मागतात. भावाचा बैल तुम्ही स्वतः रंगवला होता. तो चार घरं चालला आणि पाचव्या घरापुढे, सगळ्या आळीदेखत, पडला. बैलाचं शिंग मोडलं. पोरं हसली. तुम्ही घरी जाऊन आढ्याची तुतारी काढून आणलीत. पहिला फटका पाठीवर, दुसरा मांडीवर, मग मी पाहत होते तरी मला कळेना किती आणि कुठे. तो उठायला ओणवा व्हायचा तोच फटका बसायचा आणि तो परत तोंडावर आपटायचा. मग कोपरांवर रांगत घराकडे निघाला. तुम्ही मागून चाललात, मारत. तुतारीची लोखंडी आर त्याच्या पोटरीत शिरली आणि तुम्ही ती ओढून काढली. मी त्याला उचलायला धावले तर तुम्ही मला झिंजीला धरून बाजूला केलं. "त्याले उचलू नको. तू उचलतं म्हणून तो उठत नाई." आई मधे आली. तिच्या मनगटावर घाव बसला, हाड वाकडं झालं, ते मरेपर्यंत वाकडंच राहिलं. ती तुमचे पाय धरून म्हणत होती, "सोडा आता. मेला तो, सोडा." तुम्हाला ऐकूच येत नव्हतं. तुमचं तोंड रागाचं नव्हतं. काम करणाऱ्या माणसाचं असतं तसं होतं.

मग तुम्ही रांजणापाशी हातपाय धुतले आणि जेवायला बसलात. कालच्या पुरणपोळ्या मागितल्या. मी वाढल्या. भाऊ दाराशी पडून कण्हत होता आणि तुम्ही दूध कुस्करून दोन पोळ्या खाल्ल्या, बोटं चाटली. मार मी पुढे पुष्कळ पाहिला. माझ्या मनात तो इतका राहिला नाही. ती भूक राहिली. मी इतकी वर्षं विचार केला की असं करून आलेल्या माणसाच्या पोटात घास कसा उतरतो.

भाऊ मिसरूड फुटायच्या वयात गेला, छाती बसून. तुम्ही त्यानंतर दोन उन्हाळे काढलेत आणि खळ्यावर बसल्या बसल्या, हातात चहाची बशी असताना गेलात. डॉक्टरीणबाईंनी आणखी एक सांगितलं होतं. हा आजार आईकडून येतो, तिला काही होत नाही, तिच्या मुलाला होतो. म्हणजे आईकडून भावाला आणि माझ्याकडून माझ्या पोराला. माझ्या सासूला हे कळलं तेव्हा तिने मला पाटा-वरवंट्यातला वरवंटा फेकून मारला. मी चुकवला. मला आधी तुमची आठवण झाली. तुम्हाला हे कळलं असतं तर आई मनगटावर सुटली नसती.

आता कालचं सांगते. पोराच्या फोनवर चौघांची टोळी आहे. त्याला ते स्क्वाड म्हणतात. एक नागपूरचा, एक इंदूरचा, एक कुठला ते माहीत नाही. पोरगा त्यांचा म्होरक्या. कुठून जायचं, कुठे लपायचं, हे तो माइकवर सांगतो आणि ते ऐकतात. आख्ख्या जगात त्याचं ऐकणारी ही एवढीच माणसं. तो खुर्चीत असतो हे त्यांना माहीत नाही. मी म्हटलं, सांगून टाक. तर म्हणाला, "सांगतलं का ते मले सांभाळून घेतीन. सांभाळाले तू एक बस झाली."

बोटं जसजशी गेली तसतशी त्याने काचेवरची बटणं जवळ जवळ सरकवून घेतली. उन्हाळ्यात उजवा अंगठा पूर्ण गेला. गोळीचं बटण त्याच अंगठ्याखाली होतं. टोळी हरायला लागली. नागपूरचा पोरगा शिव्या द्यायचा, "भाई, सो गया क्या?" माझा पोरगा नुसता त्या मेलेल्या अंगठ्याकडे पाहायचा. एक दिवस त्याने फळीपर्यंत मान वाकवून त्याच अंगठ्याला चावा घेतला, रक्त येईपर्यंत. दुखतं का पाहून राह्यलो, म्हणाला. दुखत होतं. हलत नव्हता. त्या दिवशी मी खुर्चीच्या उजव्या बाजूला स्टूल घेऊन बसले. नेम तो डाव्या अंगठ्याने धरतो, घोडा मी ओढते. गोळीचं बटण त्याने माझ्यासाठी भाकरीएवढं मोठं केलं आणि म्हणाला, हे तरी चुकू नको.

मी चुकत नव्हते. पण खेळात एक रीत आहे. माणूस गोळी लागून लगेच मरत नाही. तो पडतो, आणि हातापायांवर रांगतो. जोडीदार वेळेत आला तर त्याला धरून उठवतो. त्याआधी कुणी परत गोळी घातली तर मग तो संपतो, आणि जागेवर एक पेटी राहते. उभ्या माणसावर मी गोळी झाडायचे. रांगणाऱ्यावर माझं बोट पडत नव्हतं. पोरगा ओरडायचा, मी बटणाकडे बघत बसायचे, तेवढ्यात त्याचा जोडीदार येऊन त्याला उठवायचा आणि तोच उठलेला माणूस आमच्या पोराला मारायचा. असं पुन्हा पुन्हा झालं. परवा नागपूरच्याने सांगून टाकलं, अजून एकदा असं झालं तर तुला काढतो, दुसरा घेतो. पोराने फोन बंद केला. त्याला माझ्यावर हात उचलता येत नाही म्हणून त्याने तोंडाने मारलं. म्हणाला, तू माझा अंगठा नाहीस, तू पण एक मेलेलं बोट आहेस. मी त्याची उशी सरळ केली. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "आई, पडलेला माणूस गरीब नसते. तो उठते अन मारते. अन मले काढलं तं मी दिवसभर काय करू? छताकडे पाहू?"

त्याची आता छातीच उरली आहे, ती कधी बसेल ते आम्हा दोघांना माहीत आहे. ते आम्ही बोलत नाही.

काल दुपारी परत बसलो. शेवटाला आमच्या टोळीत माझा पोरगा एकटाच उरला, समोर दोघे. त्याने एकावर नेम धरला, मी गोळी घातली, तो पडला आणि कोपरांवर रांगत भिंतीकडे निघाला. दुसरा त्याला उठवायला धावत येत होता. नागपूरच्याचा माणूस मेला होता तरी तो बघत होता आणि माइकवर ओरडत होता. पोरगा हळू म्हणाला, "मार, आई."

मी मारलं. रांगणाऱ्याच्या पाठीवर मारलं, तो तोंडावर आपटला. धावत आलेल्याला मारलं. पडला त्याच्यावर परत मारलं. बंदुकीत असतील तेवढ्या गोळ्या संपल्या तरी मी बटण दाबून होते. मला ओरडणं ऐकू येत होतं पण ते कशाचं ते कळत नव्हतं. मग पोराने त्याच्या डाव्या हाताचा अंगठा, जेवढा हलतो तेवढा हलवून, माझ्या बोटाला लावला. म्हणाला, "आई, सोड आता. मेला तो."

तेव्हा मी काचेत पाहिलं. खेळ संपून पडदा काळा झाला होता आणि त्यात माझं तोंड दिसत होतं. ते रागाचं नव्हतं.

फोनमधून इंदूरचा पोरगा म्हणत होता, "क्या मारा भाई, रहम ही नहीं किया." माझा पोरगा हसत होता. किती दिवसांनी हसला ते मी मोजलं नाही. त्याची जागा टिकली. आज दुपारी परत बसायचं आहे, आणि बोट पडेल की नाही याची मला आता भीती वाटत नाही.

हे लिहिलं म्हणजे मी तुम्हाला माफ केलं असं नाही. माझ्या समोर काच होती, तुमच्या समोर तो होता. एवढा फरक मी मरेपर्यंत सोडणार नाही. लिहावाचायला मी भावाच्याच पुस्तकांतून शिकले, त्याच्या उशाशी बसून, तुम्ही माझी शाळा सोडवल्यावर. लिहिलेलं कुठे पाठवायची माझ्यावर कधी वेळ आली नाही. सागाच्या पाटाचा एक पाय झिजलाय, फोन उजवीकडे कलतो. या कागदाची घडी त्याच्याखाली बसेल.

एक राहिलं. काल खेळ संपल्यावर मी मोरीत जाऊन हात धुतले, आणि मला भूक लागली. मी ताट घेऊन बसले आणि दोन भाकरी खाल्ल्या.