पक्की प्रत

मंगळवार, १४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक, म्हणजे मी ठीक. बाकी घरात उरलंय कोण? वहिनीचा गुडघा कसा आहे? तिच्यावर माझा काडीचाही राग नाही. तो सगळा तुझ्यासाठी राखून ठेवलाय.

गुरुवारी सह्या आहेत म्हणे. उत्तरेकडचं गॅसचं क्षेत्र, पैसा परदेशी कंपनीचा, आणि मध्ये दलाल तू. पेपरात फोटो पाहिला. कोट नवा, हातातला अहवाल मात्र जुनाच. त्यावरचं अक्षर माझं आहे, ते मी लांबूनही ओळखलं.

जमिनीखालच्या गॅसचा अंदाज मांडताना बाबा प्रत्येक आकड्यापुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढायचे, आठवतं? ‘‘गॅस खाली, आपण वर. माणसानं थोडी लाज बाळगावी,’’ म्हणायचे. अक्षर चांगलं म्हणून पक्की प्रत मी करायची. दक्षिणेकडच्या क्षेत्राच्या वेळी तू माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिलास आणि म्हणालास, ‘‘चिमणे, पक्क्या प्रतीत पेन्सिल नसते.’’

मग परदेशातून पैसा आला, तीन विहिरी खोदल्या आणि तिन्हींतून खारं पाणी निघालं. चौकशीत तू हात झटकलेस. ‘‘आकडे वडिलांचे, मी नुसता पोस्टमन.’’ बाबांची नोकरी गेली. पुढे दोन वर्षं ते खिडकीपाशी बसून असायचे आणि एक दिवस तेही संपलं. खांदा द्यायला तू पुढे होतास, डोळ्याला रुमाल लावून. त्या रुमालाची मला अजून किळस येते.

असो. गेल्या आठवड्यात त्या कंपनीची तपासनीस बाई आमच्या गोदामात आली. खडकांच्या नमुन्यांच्या पेट्या मीच सांभाळते, हे तू विसरला असशील. तिनं दुभाष्यामार्फत सांगितलं की हा पैसा तिकडच्या नर्सेसच्या आणि बसचालकांच्या पेन्शनचा आहे. ‘‘खाली किती आहे हे कुणालाच नक्की ठाऊक नसतं, ते मी समजू शकते,’’ ती म्हणाली. ‘‘पण किती ठाऊक नाही, एवढं तरी मला ठाऊक हवं.’’ दादा, बाबा असते तर त्यांनी तिला स्वतःची खुर्ची दिली असती. मी बाबांची कच्ची वही दिली.

दोन्ही क्षेत्रं आहेत तीत. उत्तरेच्या पानावर तर एकेका आकड्यापुढे दोन-दोन प्रश्नचिन्हं. वहीसोबत माझा जबाबही दिला: चिन्हं कुणी गाळली आणि कुणाच्या सांगण्यावरून.

गाळली मी. चौकशीत बाबांनी सगळं स्वतःवर का घेतलं, हे तू कधी विचारलं नाहीस. समोर ठेवलेली प्रत त्यांनी पाहिली, अक्षर पाहिलं आणि म्हणाले, ‘‘चूक माझीच.’’ मी शेजारी उभी होते. तोंड उघडलं नाही. तुझ्याइतकंच मीही त्यांना विकलं, फक्त तुला भाव चांगला मिळाला.

गोदामाच्या किल्ल्या आज सकाळी परत केल्या. जबाब कळल्यावर ऑफिसनं मागितल्याच, आणि बरोबरच आहे.

हे पत्र तुला बुधवारी मिळेल. पळायला अख्खी रात्र आहे, पण तू पळणार नाहीस. ऐन वेळी चिमणी गप्प बसेल असं तुला वाटेल, कारण एकदा बसली होती. गुरुवारी कंपनीचे लोक तुला पाणी देतील, मग वही पुढे सरकवतील. तेव्हा तुझा चेहरा मला जवळून बघायचाय. त्यांनी मलाही बोलावलंय, खुर्ची तुझ्या समोरचीच मागून घेतली आहे.

कोट तोच घाल, फोटोतला.

हे पत्र मी शाईनं लिहिलंय. शेवटचं चिन्ह तेवढं पेन्सिलीचं आहे. या वेळी ते कुणी गाळणार नाही.

तुझी बहीण ?