टोकं मोडलेली अडीच किलो भेंडी

ती. आक्कांना,

साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे, दात आणि आवाज तिन्ही ठणठणीत असतील अशी आशा करतो (आवाजाबद्दल मला कधीच काळजी नव्हती). इकडे आम्ही दोघं जिवंत आहोत. तुमची धाकटी बहीण स्टुलावरून पडल्यापासून तिचं उजवं मनगट प्लास्टरमध्ये आणि स्वयंपाकघर माझ्या ताब्यात आहे. तुम्ही मायेने पाठवलेली 'अगदी सोप्या सूचना' ही वही मी गॅसशेजारी भिंतीला टेकवून ठेवली आहे. तिच्या पहिल्या तीन पानांवर आता डाळ आहे.

आक्का, मी चौतीस वर्षं कारखान्यात बोल्ट तपासले. तिथे माप कागदावर लिहिलेलं असतं, बोल्ट त्यात बसला तर पास, नाहीतर लाल खडूची फुली. तुमच्या वहीत मात्र मीठ 'चवीपुरतं', पाणी 'बेताचं' आणि कांदा 'गुलाबी होईपर्यंत'. मी कढईसमोर उभा राहून त्या कांद्याच्या गुलाबी होण्याची वाट बघितली. तो पांढऱ्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा तपकिरी झाला आणि मग काळा ठिक्कर पडला, पण गुलाबी काही झाला नाही. गुलाबी कांदा प्रत्यक्ष पाहिलेला माणूस तुमच्या ओळखीत असेल तर त्याचा पत्ता कळवावा.

आता भेंडीबद्दल. पान चारवर तुम्ही लिहिलंय की टोक कट्कन मोडलं तर भेंडी कोवळी, वाकलं तर जून. कारखान्यात आम्ही शंभर नगांतले दहा तपासायचो, पण हा घरच्या ताटाचा प्रश्न म्हणून मी अख्खा ढीग तपासायला घेतला. भाजीवाली पाठ फिरवून कोबी रचत होती (कारखान्यात असती तर मी तिला लेखी ताकीद दिली असती). ती वळली तेव्हा माझ्या डावीकडे टोकं मोडलेल्या पास भेंड्यांची रास होती, उजवीकडे नापास भेंड्या, आणि सवयीने खिशातून निघालेल्या लाल खडूच्या फुल्या तीन वांग्यांवर आणि एका दुधीवर पडलेल्या होत्या. तिने सगळं शांतपणे पाहिलं. "काका, मोडलेली सगळी तुमची. फुली मारलेलीसुद्धा," एवढंच म्हणाली आणि तराजूत भरायला लागली. शेजारच्या फळवाल्याने तेवढ्यात आपल्या कलिंगडांवर ताडपत्री ओढली. पान पाचवर 'वाजवून बघा' लिहिलंय, हे त्याला कुणी सांगितलं कोण जाणे.

तर आम्ही पाच दिवस भेंडी खातोय. पहिल्या दिवशी मी ती चिरून मग धुतली. 'आधी धुऊन, कोरडी करून मग चिरावी' हे तुम्ही पानाच्या मागच्या बाजूला लिहिलंत, जिथे माणूस पोचतो तो चिरून झाल्यावर. भाजीला इतकी तार सुटली की डाव कढईतून निघेना. तिसऱ्या दिवशी मीठ दोनदा पडलं. 'खारट झालं तर बटाटा घाला' या सूचनेनुसार मी चार बटाटे घातले, आणि बटाट्याच्या पानावर 'मीठ चवीपुरतं' लिहिलेलं असल्यामुळे त्या चार बटाट्यांचं मीठही घातलं. सूचना पाळणाऱ्याला दोष देता येत नाही, हे माझं जुनं मत आहे.

तुमची बहीण समोर बसून डाव्या हाताने चमचा धरून खाते आणि म्हणते, "बरं झालंय." तार सुटलेली भाजीही बरी, खारट बटाटेही बरे. तिने एकदा तरी नाक मुरडावं म्हणून मी डोळ्यांत तेल घालून बघतो, पण नाही. आक्का, लग्नाला एकतीस वर्षं झाली, आणि तेवढी वर्षं मी रोज पहिल्या घासाला शेरा देत आलो. मीठ किंचित कमी, डाळ किंचित पातळ. मला वाटायचं, मी मदत करतोय. छान झालंय असं म्हटल्याचं काही आठवत नाही. कारखान्यात पास मालावर कुणी काही लिहीत नाही, तो नुसता पुढे जातो. आता टेबलाच्या या बाजूने मी तिच्या तोंडाकडे बघत बसतो आणि मला लाज वाटते. (हा परिच्छेद तिला वाचून दाखवू नका.)

काल मात्र डाळ उत्तम जमली. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. मग पाहिलं तर मिठाच्या बरणीचं झाकण उघडं होतं आणि ओट्यावर मीठ सांडलेलं होतं, डाव्या हाताने घेताना सांडतं तसं. मी तेव्हा आंघोळीला गेलो होतो. मी चौकशी केली नाही.

वही अजून काही दिवस ठेवून घेतो. कृपा आहेच, ती मापात कळवत जावी.

आपला,
(पान उलटून न वाचणारा) बहिणीचा नवरा

ता. क. : खरं काम हे. पुढच्या रविवारी प्लास्टर निघेल आणि स्वयंपाकघर माझ्या हातून जाईल. त्याआधी एकदा तिच्या आवडीचं काहीतरी करून वाढायचं आहे. अडचण अशी की तिला काय आवडतं ते मला माहीत नाही. आमच्याकडे आजवर माझ्याच आवडीचं शिजत आलं. तुम्ही दोघी एका ताटात जेवून मोठ्या झालात, तुम्हाला माहीत असणार. मापासकट लिहा. तिला विचारलं तर माझी अब्रू जाईल.

आणखी ता. क. : पाकीट चिकटवायला तिच्याकडे देतोय, एका हाताने होण्यासारखं तेवढंच काम आहे. ती वाचेल ही भीती नाही. तिचा चष्मा परवापासून सापडत नाही.

(याखाली वाकड्यातिकड्या अक्षरांत)

आक्का, चष्मा पिठाच्या डब्यात होता. ह्यांनीच ठेवला असणार. तू काहीही कळवू नकोस. मी समोरच बसलेली असते, मला विचारू देत. रविवारी प्लास्टर निघालं तरी मी अजून पंधरा दिवस हात दुखतो म्हणणार आहे, तेवढ्यात विचारतील. तोवर भेंडी खाते. तुला आठवतच असेल, मला ती लहानपणापासून आवडत नाही.