काढलेला माल

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, पूर्वी कपड्यांच्या कारखान्यात मशीन दुरुस्तीला आणि निवृत्तीनंतर घरीच जुनी शिलाई मशिनं साफ करून चालती करणारा, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि राजीखुशीने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. पुरावा हवाच असेल तर आज सकाळी सुईत दोरा मीच ओवला, तिसऱ्या खेपेला का होईना. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायला घरात माणूस लागतो.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या आणि मागची गॅलरी, माझ्या एकुलत्या एका मुलीस. तिने ठेवावे, विकावे, तिची मर्जी. बँकेत असेल तेही तिचेच. त्यासाठी तिने मला माफ केले पाहिजे अशी अट नाही.

२. माझी हत्यारे, चिमटे, बारीक ब्रश आणि तेलाच्या कुप्या कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंना. बाई कामाला चोख, पण तेल घालताना त्यांचा हात सैल सुटतो. दोन थेंब म्हणजे दोनच थेंब, हे मी त्यांना वीस वर्षे सांगत आलो. आता कायद्याच्या कागदावर सांगतो.

३. भंगारवाल्यांकडून सोडवून आणलेली अकरा मशिनंही त्यांनाच. जो खरोखर शिवणार असेल त्याला त्यांनी ती द्यावीत. माझ्या धाकट्या भावास यांतले एकही मिळू नये. आमच्या आईचे पायाने चालवायचे मशीन त्याने उचकटून भंगारात घातले, खालच्या लोखंडी सांगाड्यावर काच टाकून चहाचे टेबल केले आणि त्याच टेबलावर मला चहा देऊन कसे दिसते म्हणून विचारले. मी कप तसाच ठेवून उठलो. हा राग कोणाच्या नावे करत नाही, सोबतच नेतो.

ही अकरा मशिनं मी दर रविवारी एकेक करून चालवतो. तेल सुकू नये म्हणून, असे लोकांना सांगतो. खरे म्हणजे पत्नी गेल्यापासून घर खायला उठते, आणि मशीन चालू असले की आतल्या खोलीत कोणीतरी आहे असे वाटते. शेजारच्यांना आवाजाचा त्रास झाला असल्यास त्यांनी मला माफ करावे.

४. बारावे मशीन पत्नीचे. ते बाहेरच्या कोणालाही देऊ नये. त्याचे काय करायचे ते खाली लिहितो, नीट वाचावे.

पत्नीला जाऊन चार महिने झाले तेव्हा मुलीने ते मागितले. मी म्हटले, लेकीला द्यायचे तर नव्यासारखे करून देऊ. आठ दिवस खपलो. शिवताना पत्नीचा डावा तळवा जिथे टेकायचा तिथली सोनेरी वेल झिजून गेली होती, तिथे नवी वेल चिकटवली. शिवण सरळ यावी म्हणून तिने सुईखालच्या पट्टीवर नेलपॉलिशची लाल रेघ ओढली होती, ती स्पिरिटने पुसली. टाचण्या टोचायला मशीनच्या मानेभोवती गुंडाळलेली चिंधी काढली. मशीन असे चकचकीत झाले की मी स्वतःवरच खूश होतो.

मुलीने नव्या वेलीवरून बोट फिरवले. मग म्हणाली, "बाबा, छान झालंय. पण आईचं राहिलं नाही."

तिथे मी गप्प बसायला हवे होते. मी म्हणालो, "तुझ्या आईला जपता आलं असतं, तर मला एवढं घासावं लागलं नसतं."

ती मशीन न घेता गेली. त्याला सात वर्षे झाली. फोन येतो. तब्येत कशी, बरी आहे, एवढे होते आणि ठेवला जातो.

५. आमच्या धंद्याचा एक नियम आहे. मशीनमधून जे काढले ते डब्यात ठेवायचे आणि मशीनबरोबर गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचे. काढलेला माल ज्याचा त्याला. हा नियम मी कधी मोडला नाही, पण मुलगी अशी निघून गेली की तिचा डबा द्यायचा राहिला.

गेल्या महिन्यात तो मी उघडला. चिंधी आहे, तिच्यात तीन टाचण्या आहेत. आणि कापड पुढे सरकवणाऱ्या दातांखालून खरवडून काढलेला कापडाचा कीस आहे, दाबून दाबून लोकरीच्या नमद्यासारखा घट्ट झालेला. भिंगाखाली धरला तेव्हा थर दिसले. वर माझ्या शर्टांचा राखाडी. त्याखाली मुलीच्या शाळेच्या गणवेशाचा निळा, त्याखाली पिवळ्या फ्रॉकचा, आणि अगदी तळाशी पांढरा, तिच्या पहिल्या झबल्याचा. पत्नीने तिथे कधी ब्रश फिरवला नाही, म्हणून हे राहिले. मी ती घाण समजलो होतो. मी चुकलो.

नवी वेल मी आता खरवडून काढली आहे. मुद्दाम घासून पहिल्यासारखी झीज करता आली असती, पण ती खोटी झाली असती. तिथे मुलीने आपला हात ठेवावा, होईल हळूहळू.

६. हा डबा मुलीच्या हाती द्यावा, मशीनही तिचेच. मशीन घेऊन जा असे सांगू नये. बाबांकडून काढलेला माल द्यायचा राहिला होता, एवढेच सांगावे.

साक्षीसाठी बोलावलेल्या, समोरच्या दुकानातल्या चष्मेवाल्याने हे सगळे वाचले. तो कधी नसत्या पंचायती करत नाही. आज मात्र म्हणाला, "काका, पोरगी दीड तासावर राहते. तुम्ही मरायची वाट कशाला बघायची तिनं?"

त्याचे बरोबर आहे. म्हणून सहीआधी एवढे जोडतो: डबा घेऊन मी उद्या सकाळच्या बसने स्वतः जात आहे. तरीही कलम सहा कोणी खोडू नये. ती घरी नसली, तर लागेल.

ठिकाण: राहते घर, मागची गॅलरी
दिनांक: ३ नोव्हेंबर, मंगळवार

लिहून ठेवणार: (सही) मशीनवाले काका

साक्षीदार:
१. (सही) समोरचा चष्मेवाला
२. (सही) खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई. बसची वेळ सव्वासातची आहे, ती मी काकांना लिहून दिली आहे.