चाकं लहान लाव

दुइतामा,
सोमवार, ४ मार्च २०१९

प्रिय मेन्चा,

दादाचा आशीर्वाद. मी ठीक आहे. तिकडे मोनिकिराच्या उबेत तुझी कंबर बरी असेल आणि या वर्षी पेरू चांगला उतरला असेल असं धरून चालतो. फोनच केला असता, पण माझा आवाज ऐकला की तुमच्या गावची लाइन पडते. तेवीस वर्षं पडतेय. तारांचा दोष असणार, मी कुणाला नावं ठेवत नाही. म्हणून कागद.

इकडे दोन रात्री दहिवर गोठलं आणि खालच्या वाफ्यातले बटाटे काळे झाले. माझं दुकान चालू आहे. ज्या बसच्या कारखान्यात मी सीटचे सांगाडे जोडत जोडत नळ्यांना पितळेचा डाक द्यायला शिकलो, तिथले आताचे साहेब स्वतःच्या सायकलीच्या फ्रेमा माझ्याकडून करून घेतात. हे आपलं उगीच सांगितलं. थोडी फुशारकी माणसाला पचते.

आता मुद्दा. तुझी यूरानी गेला महिनाभर माझ्याकडे येते. तुला ठाऊक असेल. नसेल तर आता झालं. नर्सिंगच्या कॉलेजातून सुटली की थेट दुकानात, घोंगडी खुंटीला, आणि "मामा, गुळाचं पाणी आहे का?" सतरा तारखेला कानेलोच्या घाटाची शर्यत आहे. पहिल्या तिघींना प्रांताच्या संघात घेणार. संघाचा उस्ताद मला म्हणाला, "पाय झकास आहेत तुमच्या भाचीचे, डॉन मिसाएल, पण सायकल तिला गिळते."

खरं आहे. मी तिला बसवून पाहिलं. उंची एक मीटर एक्कावन्न. सायकल दुकानातल्या सगळ्यांत छोट्या मापाची. म्हणजे काय, तर सीटखालची नळी छाटली आणि स्टिकर बदललं. बोटं ब्रेकला जेमतेम टेकतात. अर्ध्या तासात मनगटं बधिर.

मी म्हटलं, "पोरी, मी करतो तुला. आडवी नळी एकोणपन्नास सेंटीमीटर, अगदी काट्यावर."

"आई हो म्हणाली तरच बसेन, मामा."

"आणि नाही म्हणाली तर?"

"तर हीच दामटवीन."

"हिच्यावर तू पहिल्या तिघींत येत नाहीस."

"ठाऊक आहे मला."

हट्टीपणात कुणावर गेली ते मी विचारत नाही.

तर मला तुझा एक शब्द हवा. जुनं मी उगाळत नाही. त्या दिवशी रस्ता खराब होता, तू दमली होतीस, आणि मी चार लोकांत बोलू नये ते बोललो, एवढं कबूल. सायकल मात्र मापात होती. मापांच्या वहीत तुझ्या पुऱ्या नावानं अजून आहे: हेर्मेन्सिया, आडवी नळी पन्नास.

परवा राखेचा बुधवार. उपासाच्या दिवसांत माणसाचं मन मऊ असतं म्हणतात. त्याचा फायदा घेतोय असं समज.

उत्तराच्या वाटेकडे कान लावून बसलेला,
तुझा दादा
मिसाएल


दुइतामा,
सोमवार, १८ मार्च २०१९

मेन्चा,

पहिली! पहिल्या तिघींत नव्हे गं, पहिली. एक्केचाळीस सेकंदांनी.

तिनं तुला चौकातूनच फोन केला. मी शेजारी उभा होतो आणि तुझी किंकाळी मला फोनबाहेर ऐकू आली. वय एकसष्ट झालं, पण कान शाबूत आहेत. तेवीस वर्षांत तुझा ऐकलेला तो पहिला आवाज, आणि तो आनंदाचा होता. मी तिथेच टोपी काढली. लोकांना वाटलं, ऊन लागलं म्हाताऱ्याला.

सगळं तिनं सांगितलं नसणार, कारण ती सायकल चालवत होती. बघत होतो मी. तर नीट ऐक.

तुझी चिठ्ठी आठ तारखेला आली, पेरूच्या वड्यांच्या डब्यात, वड्यांच्या वर. "बसू दे. चाकं लहान लाव." मोजून पाच शब्द. मी यूरानीला विचारलं, "तुझ्या आईला चाकांचं काय कळतं?" ती वडी चघळत म्हणाली, "आई म्हणाली, मामाला सांग, पोत्याखाली ठेवलेली मी पाहिली होती. माझं नाव होतं तिच्यावर."

मी बाकावर बसलो. ती म्हणाली, "मामा, पाणी देऊ?" म्हटलं, नको, तो आराखडा दे इकडे. आणि तिच्यासाठी काढलेली सगळी आखणी फाडली.

त्या पोत्यावर येतो मी. येणार आहे. आधी शर्यत.

रिमा मिळवायला तीन गावं पालथी घातली. नेहमीच्या चाकांपेक्षा पाच सेंटीमीटरनं लहान. एवढंच, पण तेवढ्यात सगळं जागेवर येतं. मोठं चाक ठेवलं की बुटक्या माणसाचा पाय वळणावर चाकाला लागतो, म्हणून कारागीर चाक पुढे ढकलतो. चाक पुढे गेलं की आडवी नळी वाढते. गिऱ्हाईक तर आल्या आल्या तिचाच आकडा विचारतं. मग आकडा घटवायला कारागीर सीटखालची नळी उभी करतो, शहात्तर अंशांवर. कागदावर एकोणपन्नास. पण बसणारा बिचारा पायडल मारायला सीट मागे सरकवतो, आणि अंगाला पुन्हा बावन्नच. लहान चाकाला यातली एकही लबाडी लागत नाही. नळी आपली त्र्याहत्तरावर आरामात रेलते. पायडलचे दांडे, क्रँक, तेही आखूड घातले, पुढची चकती दोन दातांनी मोठी केली. डाक पितळेचा. टिचकी मारली तर नळी चर्चच्या लहान घंटेसारखी वाजली.

शर्यतीच्या रेघेवर काय हशा पिकला म्हणून सांगू! आपल्याकडे पहिल्या कम्युनियनला, चर्चमधल्या पहिल्या प्रसादाला, आठ वर्षांच्या पोरांना सायकल भेट मिळते ना, तेवढीच दिसत होती ती बाकीच्यांच्या शेजारी. एक जण ओरडला, "अगं, पांढरा झगा कुठाय तुझा?" दुसरा म्हणाला, "मेणबत्ती विसरली घरी!"

यूरानी बुटाचा पट्टा आवळत म्हणाली, "आणते ना वरून येताना. तोवर तुम्ही पाप कबूल करून घ्या."

आपला एदिल्बेर्तो, तोच, समोरचा टायरवाला, माझ्या कानाशी लागला. "मिसाएल, साठी झाली तुझी. आता तरी स्वतःचं हसं करून घेऊ नकोस." मी म्हटलं, "एदिल्बेर्तो, गाडी काढ आणि मला चॅपलखालच्या वळणावर सोड."

ते वळण तुला सांगायला नको. आतून इतकं उभं की माणूस चालतो तेवढाच वेग उरतो, आणि हँडल पुरतं फिरवावं लागतं. अकरा जणी एकत्र आल्या. सगळ्या वळणाबाहेरून, रुंद, लांबची वाट धरून. यूरानी एकटी आतून. हँडल फिरलं, पाय फिरला, चाक आणि बुटाचं टोक यांच्यात बोटभर जागा. मी पाहिली ती जागा, मेन्चा. डोळ्यांनी पाहिली. वळणाच्या वर निघाली तेव्हा ती दोन सायकली पुढे होती आणि उभी राहून मारत होती. एका बाईनं बटाट्याचं पोतं खाली टाकून टाळ्या पिटल्या.

पलीकडचा उतार मी गाडीतल्या रेडिओवर ऐकला. निवेदक म्हणत होता, "लहानशी मुलगी उतारावर घाबरेल, मागच्या तिला गाठतील." मी एदिल्बेर्तोला म्हटलं, "तिची बोटं ब्रेकवर आहेत, पूर्ण दोन पेरं. घाबरायला काही कारणच नाही तिला." तो गाडी जोरात हाणायला लागला. चौकात पोचलो तर ती एकटी येत होती, दोन्ही हात सोडून, छाती पुढे. माझ्या डोळ्यांचं काय झालं ते लिहीत नाही.

हे झालं शर्यतीचं. आता पोतं.

तुझी पहिली सायकल मी लहान चाकांचीच केली होती. मला कुणी शिकवलं नव्हतं, पण मी बुटक्या घराण्यातला, मला दिसत होतं. तिच्यावर तुझं नाव घातलं, लाल रंगात. आणि मग एदिल्बेर्तो आणि ती चौकडी दुकानात आली. "मिसाएलनं बहिणीला कम्युनियनची सायकल केली!" तेव्हा दुकान नवीन होतं. मी बसच्या सीटा जोडणारा, आणि मला म्हणवून घ्यायचं होतं फ्रेमचा कारागीर. मी ती पोत्याखाली घातली आणि मोठ्या चाकांची दुसरी केली. नळी उभी केली. वहीत पन्नास लिहिलं. तू म्हणायचीस, "दादा, हात मरतात." मी म्हणायचो, सवय होईल. मला माहीत होतं सवय होणार नाही.

मग तू चॅपलखालच्या त्याच वळणावर पडलीस, चढावर, चालण्याच्या वेगात, बुटाचं टोक चाकात अडकून. सगळे हसले, चढावर कोण पडतं म्हणून. तुझ्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. आणि मी चौकात सगळ्यांदेखत म्हणालो, "फ्रेम बरोबर आहे, बाईचे हात आखूड आहेत."

काल त्याच चौकात निवेदकानं माझ्यापुढे माइक धरला. "डॉन मिसाएल, या चमत्कारिक सायकलीचं गुपित काय?" मी माइक त्याच्या हातातून काढून घेतला. म्हटलं, "तेवीस वर्षांपूर्वी मी इथे म्हणालो होतो, माझी बहीण हेर्मेन्सिया हिचे हात आखूड आहेत. तिचे हात बरोबर आहेत. फ्रेम चुकीची होती. मला माहीत होतं, आणि लोक हसतील म्हणून मी ती तशी केली."

लोकांना वाटलं, दुकानाची जाहिरात. त्यांनी टाळ्या वाजवल्या! बँडवाल्यांनी ढोलही बडवला. फक्त एदिल्बेर्तो टाळ्या न वाजवता उभा होता. नंतर जवळ आला आणि बुटांकडे बघत म्हणाला, "हसणाऱ्यांत मी होतो, नाही का?"

"सगळ्यांत मोठ्यानं."

"माझी नात एक मीटर अठ्ठेचाळीस आहे, मिसाएल."

"उद्या घेऊन ये," म्हटलं.

आज सकाळी तो नातीला घेऊन आला. पाठोपाठ आणखी दोन पोरी आल्या, आयांसकट. बाकावर बसायला जागा नाही. आता इथे बुटक्या बायकांची रांग लागली आहे आणि मी राजा झालो आहे. यूरानी त्यांना उभ्या करून मापं घेते आणि मला दटावते, "मामा, आधी तिला विचारा ना, कुठे दुखतं." हे मला कुणी बावीस तेवीस वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतं. म्हणत होतं, खरं तर. तूच म्हणत होतीस.

तुझी मापं माझ्या वहीत आहेत, पण त्या वहीवर आता माझा विश्वास नाही. माणूस पन्नाशीला आला की पाठ बदलते, मान बदलते, मोडलेलं हाड आपलं एक वेगळंच सांगतं. तेव्हा कागदावर मागवत नाही. तू ये. बस दुपारी दोनला तिकडून सुटते. भिंतीला टेकून उभी राहा, आणि नळी किती, चाक केवढं, हँडल कुठं, ते तू सांग. मी तोंड बंद ठेवून कापीन. शर्यतीसाठी नको, बाजारातून भाजी आणायला वापर हवी तर. नाही आलीस तरी मी समजेन, आणि पुन्हा लिहीन.

तुझं खरं माप तेव्हाही माहीत असलेला,
तुझा भाऊ
मिसाएल