बिनलेबलाचं झाड

१८ जानेवारी, रविवार

एका डब्यावर लेबलच नाही.

सकाळपासून गच्चीत होते. ओमकारच्या एकेका झाडाचं नाव वाचायचं, फोटो काढायचा, विक्रमला पाठवायचा. विक्रम इथंच नामपल्लीला राहतो, ओमकारचा जुना दोस्त. किडे खाणाऱ्या झाडांचं वेड दोघांनाही सारखंच. एक तारखेला येऊन सगळी झाडं घेऊन जाणार आहे.

ओमकारला जाऊन दोन पावसाळे झाले, पण प्रत्येक कुंडीत त्याच्या बारीक अक्षरातली पट्टी अजून उभी आहे. घटपर्णी, दवबिंदूचे पाच-सहा प्रकार. आणि कोपऱ्यात हा दह्याचा डबा! शेवाळात रुपयाएवढी लालसर चक्री, पानापानावर चिकट थेंब. दवबिंदूच, पण कुठला? विक्रम म्हणतो, वहिनी, नाव कळल्याशिवाय नेणार नाही, भलतं बी माझ्या कुंड्यांत पसरेल.

ओमकार लेबल लावायला विसरला? तो?

१९ जानेवारी

पुण्याच्या कंपनीला नोकरीचं अजून हो कळवलेलं नाही. सासूबाईंना तर त्यातलं काहीच माहीत नाही. माझ्या भावाचा, प्रथमेशदादाचा परत फोन — किती दिवस तिथं अडकून राहणार आहेस?

२१ जानेवारी

विक्रमने बरेच फोटो मागवले, शेवटी दोन नावांवर आला. एक स्पॅथुलाटा, ते वर्षानुवर्षं जगतं. दुसरं बर्मानी — फुललं, बी टाकलं, संपलं, वर्षभराचं आयुष्य. नुसत्या पानांवरून फसायला होतं म्हणे. फुलाच्या मधोमध पांढऱ्या काड्या असतात. सुट्या पाच असतील तर बर्मानी. तीनच, पण बुडाशी दुभंगलेल्या, तर स्पॅथुलाटा.

कळ्या आल्या आहेत. फूल सकाळी उन्हात थोडा वेळच उघडतं.

२३ जानेवारी

आजही चुकलं. मी तारनाक्याच्या घरातून ऑफिसला निघते तेव्हा कळी बंद, परतते तेव्हा फूल मिटलेलं. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून चुळबुळ.

काल रात्री जेवताना आईंना म्हटलं होतं, दहाच्या सुमाराला वर जाऊन फुलाचा एक फोटो काढाल का? ताटातून मान वर न करता म्हणाल्या, "जीव खाणारी झाडं ती. मला नक्को."

ओमकार गेल्यापासून त्या गच्चीत पाऊल टाकत नाहीत. पोटच्या मुलाची झाडं, आणि एकदाही बघावीशी वाटत नाहीत? राग आला. मग स्वतःचाच आला. मी तरी काय करते आहे? देऊनच टाकते आहे ना!

२६ जानेवारी

शनिवार-रविवार ढगाळ होते, फूल उघडलंच नाही. आज सुट्टी. ओमकारचं भिंग घेऊन उन्हात बसले. खालच्या शाळेत झेंडावंदनाची गाणी चालू. चहा गार झाला तरी उठले नाही, उठले आणि उघडलं तर?

उघडलं. इवलंसं, पांढरं. श्वास रोखून काड्या बघितल्या. पाच. पुन्हा बघितल्या. पाचच, सुट्या.

विक्रम म्हणाला, बर्मानी, शंभर टक्के. मी एकटीच हसले गच्चीत. थोडाच वेळ.

वर्षभराचं झाड. मग हे ओमकारचं कसं?

डबा उचलून बुडाशी पाहिलं. दह्याची तारीख गेल्या जुलैची. आमच्या घरात दही एकच माणूस आणतं.

२७ जानेवारी

विचारलं. आई पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं नाही.

"त्याचंच बी आहे," म्हणाल्या.

मग सांगितलं. ओमकार गेला त्याच हिवाळ्यात त्याचं ते झाड वाळलं. शेवाळावर काळं, राईहूनही बारीक बी पडलेलं दिसलं. ते फेकवेना. मी ऑफिसला गेले की गच्चीत जायचं, माझ्या येण्याआधी खाली यायचं. दर पावसाळ्यात पेरायचं, फिल्टरचं पाणी द्यायचं.

मला का नाही सांगितलं?

"तुझ्याकडं बघवत नव्हतं तेव्हा. त्याचं आणखी एक काही गेलं, हे कुठल्या तोंडानं सांगू?"

जीव खाणारी झाडं, नक्को, असं का म्हणायच्या मग? म्हणाल्या, गच्चीत गेले की रडायला येतं, ते तू बघू नयेस म्हणून.

पुण्याचं सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, ते ठाऊक आहे. प्रथमेशचा आवाज फोनमधून स्वयंपाकघरापर्यंत येतो.

पोळी करपली. दोघींनी तीच खाल्ली.

२८ जानेवारी

आईंनी सकाळीच विक्रमला फोन केला, मला न विचारता. झाडं आमच्याजवळच राहतील, येऊ नको म्हणाल्या. फोन ठेवून माझ्यासमोर बसल्या.

"पुण्यात घर बघशील तर गच्चीचं बघ. दोघींचं."